दूध बंद केलं, बाळ बरं झालं. मग निदान झालं का?

तीन महिन्यांच्या बाळाच्या शीमध्ये रक्ताची बारीक रेघ दिसली की घरातल्यांच्या काळजात चर्र होतं. बाळ हसतंय, दूध नीट ओढतंय, वजनही वाढतंय. पण दुपट्यावर शेंबासारखी चिकट शी आणि त्यात लाल धागे. ठाण्यात असो, कल्याणला असो की डोंबिवलीला, पुढचा क्रम साधारण ठरलेला. आजी म्हणते, आईच्या खाण्यात काहीतरी उष्ण आलं. शेजारच्या काकू म्हणतात, दात येत असतील. जवळच्या दवाखान्यात आव समजून अँटिबायोटिकचं औषध मिळतं. आणि हल्ली त्यात चौथं उत्तर ऐकू येतं: 'दुधाची ॲलर्जी असेल, दूध बंद करून बघा.'

हे चौथं उत्तर काही वेळा अगदी बरोबर असतं. पण ते ज्या घाईने दिलं आणि घेतलं जातं, तिथे गडबड आहे. ज्या बाळाला खरोखर गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे, ते अनेकदा महिनोन्महिने जुलाबाची औषधं घेत राहतं, सुकत जातं. आणि ज्याला ती नाही, त्याच्या आईचा चहा, दही, ताक सगळं सुटतं, अंगावरचं दूध तोडून महागडा डबा सुरू होतो. दोन्हीकडे नुकसान बाळाचंच. म्हणून ॲलर्जी आहे की नाही हे नेमकं कसं ठरवतात, हे आईवडिलांनी समजून घ्यायला हवं. त्याला फार मोठी यंत्रं लागत नाहीत. लागते ती शिस्त आणि थोडं धैर्य.

आधी एक गोंधळ दूर करू. दुधाची ॲलर्जी आणि दूध न पचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारा पाचक रस कमी पडला की पोट फुगतं, आंबूस पाण्यासारखे जुलाब होतात. तान्ह्या बाळांत असं बहुधा गॅस्ट्रोच्या आजारानंतर काही दिवस होतं आणि आपोआप सुधारतं. ॲलर्जीत भांडण साखरेशी नसून प्रथिनांशी असतं. मुख्यतः केसीन आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन यांच्याशी. शरीराची संरक्षण यंत्रणा या निरुपद्रवी प्रथिनांना शत्रू समजते. 'ॲलर्जी' हा शब्दच मुळी १९०६ मध्ये व्हिएन्नातल्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने घडवला. सांगायचं कारण असं, की 'लॅक्टोज-फ्री' असं लिहिलेला डबा ॲलर्जीच्या बाळाच्या कामाचा नाही. त्यातली साखर काढलेली असते, प्रथिनं जशीच्या तशी असतात.

या ॲलर्जीचे दोन चेहरे आहेत. पहिला तातडीचा. दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ आणि पापण्या सुजतात, उलटी होते, क्वचित धाप लागते, बाळ निपचित पडतं. इथे रक्तातली 'आयजीई' नावाची प्रतिपिंडं काम करत असतात. बऱ्याचदा हे घडतं ते अंगावरच्या दुधावरून वरच्या दुधावर येताना, पहिल्या-दुसऱ्या बाटलीला. गांधी आणि दूध यांचा संबंध आईच्याच लक्षात येतो, त्यामुळे हा प्रकार ओळखायला तुलनेने सोपा.

खरी कसोटी दुसऱ्या चेहऱ्याची. इथे आयजीईचा संबंध नसतो आणि त्रास काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी उमटतो. शीमध्ये रक्त आणि शेंब, सतत जुलाब, वजन न वाढणं, रक्त कमी होणं, हट्टी इसब. परवा प्यायलेल्या दुधाचा आजच्या शीशी संबंध कोण जोडणार? यातलाच एक प्रकार तर डॉक्टरांनाही चकवतो. दूध दिल्यावर एक ते चार तासांत बाळ उलट्यांवर उलट्या करतं, पांढरंफटक आणि मलूल होतं. अंगावर पुरळ नसतं, ताप बहुधा नसतो, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या सापडतात. त्यामुळे बाळाला जंतुसंसर्ग समजून भरती केलं जातं, सलाईनवर ते सुधारतं, घरी जातं आणि पुन्हा दूध मिळाल्यावर पुन्हा तेच. दोन-तीनदा असं झालं, तर प्रत्येक वेळी आधीच्या चार तासांत बाळाच्या पोटात काय गेलं होतं, हा प्रश्न डॉक्टरांपुढे आवर्जून मांडावा. जाता जाता, हा प्रकार तांदळानेही होऊ शकतो. आपल्याकडे पेजेवर कोणी संशय घेत नाही इतकंच.

मग रक्त तपासून टाकावं का? इथेच बहुतेक पालकांची फसगत होते. दुधाच्या प्रथिनांविरुद्धची आयजीई रक्तात मोजता येते किंवा हातावर थेंब टाकून, हलकं टोचून, उठणारी गांध मोजता येते. तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गांध उठली तर चाचणी 'पॉझिटिव्ह' म्हणतात. पण त्याचा अर्थ इतकाच, की शरीराने त्या प्रथिनाची नोंद घेतली आहे. अशी नोंद असलेली कित्येक मुलं मजेत दूध पितात. उलट दुसऱ्या, उशिरा उमटणाऱ्या प्रकारात आयजीईच नसल्यामुळे दोन्ही चाचण्या निगेटिव्ह येतात आणि ॲलर्जी मात्र असते. म्हणजे पॉझिटिव्ह अहवाल ॲलर्जी सिद्ध करत नाही आणि निगेटिव्ह अहवाल ती नाकारत नाही. लक्षणं कोणती, हे न विचारता पन्नास-शंभर पदार्थांचं 'ॲलर्जी पॅनेल' करून घेणं म्हणजे पैसे घालून गोंधळ विकत घेणं. 'आयजीजी' मोजून ॲलर्जी सांगणाऱ्या चाचण्यांना तर निदानात काही स्थान नाही.

निदानाचा खरा मार्ग जुना आणि साधा आहे. दूध पूर्ण बंद करायचं. त्रास जातो का पाहायचं. गेला तर दूध पुन्हा द्यायचं आणि त्रास परत येतो का पाहायचं. १९६३ मध्ये आर्मंड गोल्डमन या अमेरिकी डॉक्टरांनी तर असं चक्र तीनदा पूर्ण झाल्याशिवाय निदान मानायचं नाही, असा कडक नियम सुचवला होता. आज तीनदा कोणी करत नाही, एकदा पुरतं. भारतातल्या बालपचनरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये 'इंडियन पीडिॲट्रिक्स' या नियतकालिकात मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दूध थांबवून सुधारणा पाहणं आणि पुन्हा देऊन पडताळणं, हाच त्यांचाही कणा आहे. काही बाळांत दुर्बिणीने आतडं पाहून तुकडा तपासावा लागतो, पण ती सगळ्यांची गरज नाही.

या मार्गातली पहिली पायरी सगळे चढतात. दुसरी, म्हणजे दूध पुन्हा देण्याची, बहुतेक जण गाळतात. माणसाच्या स्वभावाला धरूनच आहे ते. महिनाभराने बाळ शांत झोपायला लागलंय, शी साफ होतेय, आता कोण मुद्दाम खोड काढणार? पण ही पायरी गाळली की निदान अर्धवट राहतं, आणि त्याचं कारण बाळांच्या वाढीतच आहे. तान्ह्या बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्यात टोकाला जातं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. दूध काढण्याचं प्रमाण चौथ्या महिन्याच्या सुमारास सर्वाधिक असतं आणि वर्षाच्या आत बहुतेकांचं थांबतं. दोन महिन्यांच्या रडक्या बाळाचं दूध बदललं आणि तिसऱ्या महिन्यात ते शांत झालं, तर श्रेय दुधाच्या बदलाला जातं, काळाला नाही. बाळगुटी सुरू केली असती तर श्रेय गुटीला गेलं असतं.

शीमधल्या रक्ताचंही तेच. फिनलंडमध्ये शीतून रक्त जाणाऱ्या ४० बाळांचा नीट अभ्यास झाला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. दूध बंद करून आणि पुन्हा देऊन पाहिल्यावर त्यातल्या फक्त १८ टक्के बाळांत दुधाची ॲलर्जी पक्की ठरली. बाकीच्यांचं रक्त आपोआप थांबलं होतं. त्याहून मोठा पडताळा युरोपातल्या नऊ देशांत झाला. बारा हजारांहून अधिक नवजात बाळं त्यात घेतली होती. ३५८ बाळांवर दुधाच्या ॲलर्जीचा संशय आला, पण कसोटीवर ५५ बाळांतच ती सिद्ध झाली. एकूण प्रमाण निघालं ०.५४ टक्के, म्हणजे दोनशे बाळांत साधारण एक. संशय आणि सत्य यांत एवढी दरी असेल, तर पडताळणी ही चैन नाही.

पडताळणी न करता लेबलं लावत गेलं तर काय होतं, ते इंग्लंडकडे पाहून कळतं. २००६ ते २०१६ या दहा वर्षांत तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या ॲलर्जीच्या खास डब्यांच्या चिठ्ठ्या वर्षाला सुमारे एक लाख पाच हजारांवरून सहा लाखांच्या वर गेल्या. आजार एवढा वाढल्याचा काही पुरावा नव्हता. २०२० मध्ये संशोधकांनी या ॲलर्जीवरच्या नऊ मार्गदर्शक सूचना तपासल्या, तेव्हा त्या लिहिणाऱ्यांपैकी ८१ टक्के जणांनी आपले आर्थिक हितसंबंध स्वतःच नोंदवलेले आढळले. लक्षणांना गुण देऊन ॲलर्जीचा संशय व्यक्त करणारं 'कोमिस' नावाचं एक कोष्टकही आता दवाखान्यांत दिसतं. ते करणाऱ्यांनीच म्हटलंय की हे लक्ष वेधण्यासाठी आहे, निदानासाठी नाही. हे वाक्य कोष्टकासोबत प्रत्येक ठिकाणी पोचतंच असं नाही.

आपल्याकडे कायदा जास्त कडक आहे. बाळदुधाचे पर्याय आणि बाटल्यांवरचा कायदा १९९२ चा. २००३ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांखालच्या मुलांच्या कुठल्याही अन्नाची जाहिरात करायला, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी द्यायला कंपन्यांना बंदी आहे. या कायद्याखाली तक्रार दाखल करण्याचा अधिकार मिळालेल्या मोजक्या संस्थांत मुंबईची 'अकॅश' होती. तरीही प्रसूतिगृहात पहिल्या दिवशी 'दूध आलं नाही, तोवर डबा द्या' हे वाक्य कानावर येतंच. त्या दोन-तीन बाटल्यांबद्दल डेन्मार्कच्या ओडेन्स शहरातला अभ्यास सांगण्यासारखा आहे. १९८५ मध्ये जन्मलेल्या १,७४९ बाळांपैकी ३९ बाळांत दुधाची ॲलर्जी सिद्ध झाली. त्यातली नऊ बाळं फक्त अंगावर पीत होती. मग वॉर्डातल्या नोंदी उघडल्या, तर या नवांपैकी प्रत्येकाला जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत डब्याचं दूध दिलं गेलं होतं, आणि आयांना ते ठाऊकच नव्हतं.

आता अंगावर पिणाऱ्या बाळाचं काय? आईने खाल्लेल्या दुधाची प्रथिनं अंगावरच्या दुधात उतरतात, पण इतक्या अत्यल्प प्रमाणात, की तातडीच्या प्रकारची ॲलर्जी असलेल्या बहुतेक बाळांनाही तेवढ्याने त्रास होत नाही. म्हणून पहिला नियम: स्तनपान थांबवायचं नाही. लक्षणं ठळक असतील, रक्त जातच असेल, तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून आईने दोन ते चार आठवडे दूध आणि दुधाचे पदार्थ पूर्ण बंद करावेत. हे बोलायला सोपं. आपल्याकडे बाळंतिणीचा सगळा खुराकच दुधावर उभा आहे: दुधातली खीर, दुधातून घेतलेला शतावरी कल्प, रात्रीचं हळद-दूध, दुपारचा चहा. त्यात बिस्किटं, पाव, पेढा-बर्फी, पनीर, हॉटेलातली ग्रेव्ही, बाळंतिणीसाठी म्हणून मिळणारी प्रोटीन पावडर. साजूक तुपात प्रथिन नावापुरतंच असतं, पण पडताळणीच्या काळात तेही बाजूला ठेवलेलं बरं. पाकिटावर 'मिल्क', 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे', 'केसीन' हे शब्द शोधायचे; ॲलर्जी देणाऱ्या घटकांचा उल्लेख लेबलवर करणं आपल्या अन्न सुरक्षा नियमांनी बंधनकारक केलं आहे.

पण या दिवसांत आईची आबाळ व्हायला नको. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार अंगावर पाजणाऱ्या बाईला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. नाचणीची भाकरी, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला, काट्यासकट खाल्ले जाणारे छोटे मासे यांतून बरंचसं मिळतं, उरलेल्यासाठी गोळी आणि ड जीवनसत्त्व. अळिवाचे नारळातले लाडू चालतात. चार आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर बंधन लगेच उठवायचं. 'असू दे, दूध नाही घेतलं तर काय बिघडतं' म्हणत वर्षभर ओढायचं नाही.

वरच्या दुधावर असलेल्या बाळाची गोष्ट वेगळी, आणि इथे आपल्या भागातली एक ठाम समजूत आडवी येते. गाईचं सोसत नाही ना, मग म्हशीचं द्या. कल्याणच्या दूधनाक्यावरून किंवा जवळच्या तबेल्यातून ताजं म्हशीचं दूध आणणं अनेक घरांत रोजचं. नाहीतर शेळीचं, 'हलकं' म्हणून. पण या तिन्ही जनावरांच्या दुधातली प्रथिनं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहेत की बाळाच्या शरीराला फरक कळत नाही. इटलीत गाईच्या दुधाची ॲलर्जी सिद्ध झालेल्या २६ मुलांना शेळीचं दूध देऊन पाहिलं, त्यातल्या २४ जणांना त्रास झाला. दूध उकळून, पातळ करूनही हे टळत नाही. बदाम, नारळ, ओट यांची 'दुधं' तर तान्ह्याचं पोषणच करू शकत नाहीत. सोयाचं बाळदूध सहा महिन्यांनंतर, तेही सोया सोसत असेल तर. बाकी पर्याय म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं खास दूध. फार तीव्र आजारात अमिनो ॲसिडचं. पाच महिन्यांच्या बाळाला ४०० ग्रॅमचा डबा चार दिवसही पुरत नाही, म्हणजे महिन्याला आठ-नऊ डबे. हा खर्च सुरू करण्याआधी दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा कधी यायचं आणि पडताळणी कशी करायची, हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

पडताळणी घरी की रुग्णालयात, हे त्रासाच्या जातीवर ठरतं. फक्त शीमध्ये रक्ताचे धागे होते, बाळ एरवी ठणठणीत होतं, तर डॉक्टरांच्या संमतीने घरीच. आईने आधी चहातलं दूध, मग दही, मग नेहमीसारखं, असं आठवडाभरात. डब्यावरच्या बाळाला पहिल्या दिवशी एका बाटलीत ३० मिलिलिटर जुनं दूध मिसळून, मग रोज थोडं वाढवत. रक्त परत दिसलं, की थांबायचं, निदान झालं. नाही दिसलं, तर बाळाला ॲलर्जी नाही किंवा ती गेली. पण ज्याला गांधी, सूज, धाप असं झालं होतं किंवा जे बाळ उलट्यांनी मलूल पडलं होतं, त्याला घरी थेंबभरही देऊन पाहायचं नाही. ही कसोटी रुग्णालयात, पायरीपायरीने, काही तास देखरेखीखाली होते आणि ॲड्रिनलीनचं इंजेक्शन हाताशी असतं. तीव्र रिॲक्शनला मांडीत दिलेलं ॲड्रिनलीन हेच औषध. खाज थांबवणारं सिरप त्याची जागा घेत नाही.

काही लक्षणांना मात्र ॲलर्जीचा विचार करत बसायला वेळ नसतो. बाळ राहून राहून पाय पोटाशी घेऊन किंचाळतंय, मधे गळून जातंय आणि जांभळाच्या जेलीसारखी शी झाली, तर आतड्यात आतडं अडकलेलं असू शकतं. तासाभराचाही उशीर नको. हिरवी उलटी, पोट टणक फुगणं, ताप, नवजात बाळाला कुठूनही रक्तस्राव होणं, यांनाही तेच लागू. दुसऱ्या टोकाला, घट्ट शीच्या वरून लागलेलं ताजं रक्त बहुधा गुदद्वाराच्या चिरेचं असतं, दुधाचा त्यात दोष नसतो.

डॉक्टरांकडे जाताना अहवालांच्या जाड फाइलपेक्षा उपयोगी पडतात त्या दोन गोष्टी. एक, वजनाची नोंद असलेलं माता-बाल संरक्षण कार्ड. वजनाची रेघ वर जातेय की आडवी झालीय, यावर निम्मा निर्णय होतो. दुसरी, आठ-दहा दिवसांची वही: कधी काय पाजलं, किती वेळाने काय झालं, शीचा मोबाइलवर काढलेला फोटो. एवढ्यावर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर की घराजवळचे बालरोगतज्ज्ञ, पहिला विचार कुठेही होऊ शकतो. वजन घटतंय, रक्त कमी झालंय किंवा कसोटी रुग्णालयातच करायची आहे, अशा वेळी लोकलने परळपर्यंत जायची तयारी ठेवावी.

निदान पक्कं झालं तरी ते जन्माचं नसतं. युरोपच्या त्याच अभ्यासात आयजीई नसलेल्या सगळ्या बाळांना निदानानंतर वर्षभराने दूध सोसायला लागलं होतं. आयजीई असलेल्यांपैकी ५७ टक्क्यांना. म्हणून दूध साधारण सहा महिने किंवा बाळ नऊ ते बारा महिन्यांचं होईपर्यंत बंद ठेवतात आणि मग पुन्हा देऊन पाहतात. ही तारीख कार्डावर लिहून घ्यावी, कारण सोसायटीतल्या पाचव्या वाढदिवसालाही केक न खाणारी अशी मुलं असतात, ज्यांना तिसऱ्या महिन्यानंतर कोणी दूध देऊनच पाहिलेलं नसतं. सुरुवात बहुधा भाजलेल्या पदार्थापासून होते: दूध घातलेलं बिस्किट, मग केक, मग दही, शेवटी साधं दूध. पूर्वी तातडीची रिॲक्शन आलेल्या मुलांना या शिडीची पहिली पायरीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.